सत्तेचाळीस हजार चिलखतं

माझा दादा 2006 साली रोज संध्याकाळी सहा ते सात लोहार असायचा. कोल्हापुरात राजारामपुरीतला एक सायबर कॅफे, खिडकीपासून लांबचा पाच नंबरचा संगणक, तासाला पंधरा रुपये. गेमचं नाव रूनस्केप. केंब्रिजच्या अँड्र्यू गावरनं भावाच्या मदतीनं उभा केलेला हा गेम 2001 च्या जानेवारीत सुरू झाला होता. तो ब्राउझरमध्येच चालायचा, संगणकावर काही चढवावं लागत नसे, त्यामुळे कॅफेवाल्याची कुरकुर नसायची. बाकीची पोरं राक्षस मारत हिंडायची. आमचा दादा खाणीत जाऊन कोळसा फोडायचा, भट्टीवर न्यायचा आणि ऐरणीवर पोलादाची चिलखतं ठोकायचा.

मी शेजारच्या स्टुलावर बसून हिशेब लिहायचे. आयसीडब्ल्यूएची परीक्षा तोंडावर आली होती आणि प्रोसेस कॉस्टिंग काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं. दादा म्हणाला, "माझ्या भट्टीचा हिशेब मांड की. सगळं हाय त्यात." खरंच सगळं होतं. एका चिलखताला पोलादाच्या पाच कांड्या. एका कांडीला लोखंडाचा एक खडा आणि दोन कोळसे. नुसतं लोखंड वितळवलं तर सरासरी निम्मा माल वाया जायचा, कोळसा घालून पोलाद केलं की रिजेक्शन शून्य. अल-खरीद गावची भट्टी बँकेजवळ म्हणून सोयीची, पण गावाच्या फाटकावर शिपाई दहा नाणी घ्यायचा. तेव्हा कोल्हापुरात जकात नाके चालू होते, त्यामुळे ती रक्कम कुठल्या रकान्यात घालायची हे मला विचारावं लागलं नाही.

अडलं ते विक्रीपाशी. तयार चिलखतावर 'हाय अल्केमी'चा मंत्र टाकला की ते नाहीसं व्हायचं आणि 1,200 नाणी हातात पडायची. त्यातले दहा कोळसे बाजारातून आणले तर त्यांचेच त्याहून जास्त पडत. म्हणजे लोखंड फुकट, भट्टी फुकट आणि दादाची मजुरी शून्य धरली, तरी धंदा तोट्यात. मंत्राऐवजी गिऱ्हाईक शोधावं, तर व्हॅरॉक शहराच्या बँकेपाशी दादासारखे कितीतरी जण तोच माल घेऊन ओरडत उभे. घेणारा एकदाच घेई, कारण ते चिलखत गंजत नाही, पिचत नाही, झिजत नाही. मालक लढाईत मेला तर ते जमिनीवर पडतं आणि दुसरा कोणीतरी उचलून घालतो.

मी वही दादासमोर धरली. "कोळसा तसाच विक. ठोकायचे श्रम तरी वाचतील."

"मग लोहार कशाला झालो?"

त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. पुढे मी कॉस्टिंगमध्ये शिरले. आता शिरोलीतल्या एका फाउंड्रीत हेच करते: ओतलेला नग कोणत्या दरानं परवडतो आणि कोणत्या दरानं नाही. पण दादाच्या लोहारकीचा प्रश्न डोक्यातून गेला नाही. जिथे माणसं हौसेनं, आपणहून, पैसे भरून कारागीर होतात तिथे कारागिरी परवडते का? या खेळांच्या गेल्या पंचवीस-तीस वर्षांचा इतिहास मी पुस्तपालनाच्या नजरेनं चाळत आले. दादाचा तोटा त्याचा एकट्याचा नव्हता, एवढं पहिल्याच पानावर कळलं.

ते पान टेक्सासमधल्या ऑस्टिनचं. ओरिजिन सिस्टिम्स या कंपनीनं सप्टेंबर 1997 मध्ये 'अल्टिमा ऑनलाइन' सुरू केला. कल्पना रिचर्ड गॅरियटच्या जुन्या खेळांची, पण या नव्या जगाची आखणी करणाऱ्यांत राफ कोस्टर मुख्य. त्यांनी मांडलेली अर्थव्यवस्था कागदावर फार देखणी होती. जगात लोखंड, लाकूड, लोकर ठरावीकच. त्यातून वस्तू बनणार, वस्तू मोडली की तिच्यातला माल निसर्गाच्या खात्यात परत आणि मग नवी मेंढी, नवं खनिज. एक बंद चक्र. पहिल्या काही महिन्यांतच ते अडकलं, कारण माणसांनी काहीच मोडू दिलं नाही. घरं, पेट्या, बँका भरून ठेवल्या. माळ्यावर डबे आणि कॅलेंडरं जपणाऱ्या घरात वाढलेल्या कोणालाही हे आधीच सांगता आलं असतं. साठेबाजीमुळे नव्या खेळाडूंना खनिज मिळेना, तेव्हा नव्या खनिजाचा नळ सोडून द्यावा लागला. नळ मोकळा आणि मोरी अरुंद, हा या सगळ्या खेळांचा आजार तिथूनचा.

दुसरा बिघाड मला जास्त ओळखीचा वाटला. अल्टिमात कसब वाढायचं ते करून करून. शिंपी शिवत बसला की चांगला शिंपी होणार. म्हणून शिंपी कोणाला हवं ते शिवत नव्हता, ज्यानं कसब लवकर चढेल ते शिवत होता. झॅकरी बूथ सिम्पसन यानं 1999 मध्ये या खेळाच्या अर्थकारणावर एक निबंध लिहिला, त्यात हे अतिउत्पादन नीट मांडलं आहे. माणसांना नको असलेला तो माल संगणकानं चालवलेल्या दुकानदारांच्या गळ्यात पडत राहिला.

इथे माझी विद्यार्थिदशेतली चूक मला सापडली. मी चिलखताला मुख्य उत्पादन समजून खर्च काढत होते. साखर कारखान्यात ऊस गाळला की साखर निघते आणि मळीही निघते. मळी विकून उसाचं बिल भागत नाही अशी तक्रार कोणी करत नाही, कारण कारखाना मळीसाठी काढलेला नसतो. दादाच्या भट्टीतून निघणारी साखर म्हणजे लोहारकीतली त्याची लेव्हल. चिलखत ही मळी. मळी मिळेल त्या भावाला जाते, आणि हजारो जण एकाच वेळी साखर करत असतील तर ती कच्च्या मालापेक्षाही स्वस्त होते. खाणीवाला कोळसा विकतो, तो खरा विक्रेता. लोहार त्याचं गिऱ्हाईक.

ही साखर किती महाग होती तेही सांगते. रूनस्केपमध्ये तेव्हा सर्वोच्च असलेली 99 वी लेव्हल गाठायला अनुभवाचे 1,30,34,431 गुण लागतात. पोलादाची कांडी पाडली की साडेसतरा गुण, पाच कांड्यांचं चिलखत ठोकलं की 187.5. दोन्ही धरून एका चिलखतामागे 275. खालच्या लेव्हलचं काम सोडून सगळं पोलादावरच करायचं म्हटलं, तर चिलखतं साधारण 47,400 आणि कोळसा पावणेपाच लाखांच्या आसपास. हा आकडा मी काढला तेव्हा दादाची लेव्हल होती 52.

अल्टिमाच्या लोहारांनी मात्र काही वर्षं बरी काढली. का, ते बघण्यासारखं आहे. तिथली तलवार झिजायची. दुरुस्तीसाठी लोक भट्टीपाशी यायचे आणि तिथे उभा राहिलेला लोहार बक्षिशी घ्यायचा. कसब शंभरावर पोचलेल्या ग्रँडमास्टरच्या वस्तूवर त्याचं नाव उमटायचं, आपल्याकडे भांड्यावर घालतात तसं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, शहराबाहेर लुटारू खेळाडू असायचे. त्यांनी मारलं की अंगावरचं सगळं जायचं आणि दुसऱ्या दिवशी गडी नवं चिलखत घ्यायला लोहाराच्या दारात. लुटारूंना शिव्या सगळेच घालत, पण लोहारांच्या घरची चूल त्यांच्यावर पेटत होती. 2000 साली कंपनीनं त्याच जगाची दुसरी प्रत काढली, ट्रॅमेल नावाची, जिथे खेळाडू खेळाडूला मारू शकत नव्हता. बहुतेक मंडळी तिकडे राहायला गेली. 2003 मध्ये 'एज ऑफ शॅडोज' आला आणि वस्तूंचा विमा उतरवायची सोय झाली. मेलं तरी तलवार आपली आपल्यापाशी. शिवाय राक्षसांच्या अंगावर लोहाराला जमणार नाहीत अशा जादूच्या वस्तू मिळू लागल्या. विम्यानं माणसं निर्धास्त झाली आणि लोहार बसला.

मधल्या काळात, 1999 च्या मार्चमध्ये, 'एव्हरक्वेस्ट' आला. त्यातल्या कारागिरीत अपयश आलं की माल जळायचा आणि शेवटी मिळणारी वस्तू राक्षसाच्या खिशातल्या वस्तूपुढे फिकी. त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. पण एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं 2001 मध्ये त्या जगाचा हिशेब मांडला आणि तो गाजला: नॉरॅथ या काल्पनिक भूमीचं दरडोई उत्पन्न 2,266 डॉलर, रशिया आणि बल्गेरियाच्या मधोमध, आणि खेळाडूची कमाई तासाला 3.42 डॉलर. अमेरिकेत हा आकडा वाचून लोक हसले असतील. बाकी जगात हसण्याजोगा नव्हता. पुढे चीनमध्ये खेळातलं सोनं खणून विकणाऱ्यांच्या खोल्याच्या खोल्या भरल्या, तो याच फरकावर. त्यांच्यातलं कोणी लोहार झाल्याचं मी वाचलं नाही. पोटासाठी खेळणारा माणूस कोळसाच विकतो.

कारागिरांचं खरं राज्य एकदाच आलं. 'स्टार वॉर्स गॅलक्सीज' सुरू झाला 26 जून 2003 ला, सोनी ऑनलाइन एंटरटेनमेंटचा, आणि सूत्रं पुन्हा राफ कोस्टरकडे. अल्टिमातले चटके त्याच्या लक्षात असावेत. इथे जवळजवळ सगळ्या कामाच्या वस्तू खेळाडूंनीच बनवायच्या: बंदुका, चिलखतं, कपडे, औषधं, घरं, यंत्रमानव. कोणतीही वस्तू कायमची नाही. दुरुस्ती केली तरी तिचं आयुष्य कमी होत जाणार.

पण मला मोह पडतो तो तिथल्या खनिजांचा. लोखंड म्हणजे नुसतं लोखंड नव्हे. प्रत्येक साठ्याला स्वतःचं नाव, आणि वाहकता, कणखरपणा, एकूण प्रत असे वेगवेगळे गुण आकड्यांत दिलेले. एखाद्या ग्रहावर उत्तम तांबं सापडायचं, काही दिवस टिकायचं आणि संपायचं ते कायमचं. तो साठा त्याच नावानं पुन्हा कधीही नाही. म्हणून कारागीर सर्वेक्षणाचं यंत्र घेऊन माळावर हिंडायचे, जागा सापडली की उत्खनन यंत्रं रोवायचे, त्यांच्या विजेचे आणि देखभालीचे पैसे भरायचे. ज्यानं दोन महिन्यांपूर्वी चांगलं पोलाद भरून ठेवलं त्याची बंदूक सरस, आणि ती दुसऱ्याला हुबेहूब करता येत नाही. आमच्या फाउंड्रीत भंगाराचा ट्रक आला की सुपरवायझर आधी हातात तुकडा घेऊन बघतो, रिपोर्ट नंतर. असा अनुभवी हात लागेल अशी व्यवस्था कोणीतरी संगणकात बांधली होती. माणसं तिथे बंदूक कधी न उचलता नुसती दुकानं चालवत. गिऱ्हाईकं ग्रह ओलांडून त्यांच्याकडे येत.

तरीही कोस्टरच्या लोकांना मळीचा प्रश्न सुटलेला नव्हता, आणि त्यांनी तो मोकळेपणानं कबूल केला, हे मला विशेष आवडतं. कारागिराला वस्तू बनवताना 'सराव' असा पर्याय होता. तो निवडला की माल खर्च होणार, अनुभव थोडा जास्त मिळणार आणि वस्तू मात्र हाती येणार नाही. म्हणजे साखर घ्या आणि मळी परस्पर गटारात सोडा, बाजार तरी खराब करू नका.

2005 च्या नोव्हेंबरात कंपनीनं खेळच उलटा केला. तीसहून जास्त व्यवसायांचे नऊ केले. शिंपी, सुतार, बंदूकवाले, सगळ्यांना मिळून 'ट्रेडर' असं एकच नाव आणि त्याच्या चार शाखा. गर्दी लढवय्यांची व्हावी म्हणून हे केलं होतं. लढवय्ये आले नाहीत आणि दुकानदार उठून गेले. 15 डिसेंबर 2011 ला ते जग बंद झालं, त्याच्या आधीच त्या राज्याचा अस्त झाला होता.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' 2004 च्या नोव्हेंबरात आला आणि त्यानं बाकी सगळ्यांना खाल्लं. त्यातल्या कारागिरीबद्दल जुने खेळाडू नवख्याला एकच सल्ला देत: पैसे हवेत तर खाणकाम आणि वनौषधी, हे दोनच धंदे घे. 2006 मधला माझा सल्ला, दुसऱ्या शब्दांत. कांड्या आणि मुळ्या लिलावात चढ्या भावानं जात, त्यांचं केलेलं चिलखत पडून राही, वर लिलावघराची पाच टक्के अडत. दादानं हा खेळ 2019 मध्ये, जुनं रूप 'क्लासिक' म्हणून परत आलं तेव्हा, घेतला. तोवर तो भोसरीला कामाला होता आणि स्वतःचा लॅपटॉप होता. या वेळी लोहारकीऐवजी त्यानं किमयागिरी घेतली आणि पहिल्यांदाच त्याच्या वहीत नफा दिसला.

कारण मजेशीर आहे. या खेळात आर्केनाइट नावाची कांडी किमयागारालाच करता येते आणि तीही साधारण दोन दिवसांतून एक. लायनहार्ट हेल्म नावाचं योद्ध्यांचं आवडतं शिरस्त्राण आहे, त्याला अशा बारा कांड्या लागतात. एका किमयागाराकडून करून घ्यायच्या तर तीन आठवडे उलटतात. गिऱ्हाईक थोरियम आणि स्फटिक स्वतः घेऊन यायचं, दादा मंत्र टाकायचा आणि मजुरी घ्यायचा. माल तुमचा, काम आमचं: इचलकरंजीच्या मागावर आणि उद्यमनगरातल्या लेथवर चालतं ते जॉबवर्क. भांडवल अडकत नाही, भाव पडला तर तो मालवाल्याचा. पण दादाचं कसब कुणी विकत घेत नव्हतं. बाकी किमयागार जे करत तेच तोही करत होता. विकला जात होता तो त्याचा दोन दिवसांचा परवाना.

परवान्यातली कमाई 'ईव्ह ऑनलाइन'नं शेवटाला नेऊन दाखवली. आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा हा अंतराळातला खेळ मे 2003 पासून चालू आहे आणि त्यातली बहुतेक जहाजं खेळाडूंच्या कारखान्यांत बनतात. सुरुवातीला वरच्या दर्जाच्या जहाजांचे मूळ आराखडे कंपनी सोडतीनं वाटायची. ज्याला लागला तो वर्षानुवर्षं बसून खाणार. 2007 मध्ये कंपनीच्याच एका कर्मचाऱ्यानं असे आराखडे आपल्या खेळाडू-मित्रांना दिल्याचं उघड झालं आणि बोंब झाली. परवाना आला की त्याच्यामागून काय येतं हे शिकायला आइसलँडला जायची गरज नव्हती. त्याच वर्षी कंपनीनं एयोल्फुर गुडमुंडसन या अर्थशास्त्रज्ञाला नोकरीवर घेतलं, खेळातल्या बाजाराचे अहवाल लिहायला.

ईव्हमध्ये एक चूक एवढी सरसकट आहे की खेळाडू तिची आपसात टर उडवतात: "मी खनिज स्वतः खणलं, म्हणजे मला ते फुकट पडलं." असा माणूस खनिजाच्या किमतीपेक्षाही स्वस्तात जहाज विकतो आणि नफा झाला म्हणून खूश होतो. माझे मामा पन्हाळ्याच्या बाजूला गुऱ्हाळ लावत. गुळाचा हिशेब सांगताना जळण, गुळव्याची मजुरी, भेंडीचं पाणी सगळं धरत. ऊस धरत नसत. "घरचाच हाय की." तोच ऊस कारखान्याला घातला असता तर काय आलं असतं, हे विचारल्यावर मामा मला "चहा घेतलास का?" असं विचारत.

पण ईव्हमधले कारखानदार टिकून आहेत, कारण तिथे मोरी रुंद आहे. जहाज फुटलं की फुटलं. जानेवारी 2014 मध्ये बी-आर फाइव्ह आर बी नावाच्या ताऱ्यापाशी एका गटाकडून ताब्याच्या हप्त्याचा भरणा चुकला, त्यावरून लढाई पेटली आणि ती रात्रंदिवस एकवीस तास चालली. सगळ्यात मोठ्या जातीची, टायटन म्हणतात ती, 75 जहाजं नष्ट झाली. एकूण नुकसानीची किंमत खऱ्या पैशांत तीन लाख डॉलरच्या घरात निघाली. एकेक टायटन बांधायला आठवडेच्या आठवडे जातात. जहाजं गमावणारे रडले असतील, खनिज विकणाऱ्यांचे भाव चढले.

रूनस्केपच्या आमच्या लोहारालाही अशी एक वस्तू ठाऊक होती, हे मला फार उशिरा कळलं. तोफेचा गोळा. पोलादाच्या एका कांडीतून चार गोळे निघतात, काम कमालीचं संथ, पण गोळा डागला की गेला. त्याला रोज नवं गिऱ्हाईक. मग 2006 मध्ये दादानं तेच का केलं नाही? कारण तोफ आणि गोळे पैसे भरणाऱ्या सभासदांनाच. महिन्याला पाच डॉलर. रक्कम भरता आली असती, पण ती भरायला क्रेडिट कार्ड लागायचं आणि आमच्या घरात कोणाकडेही ते नव्हतं. फुकट्या जगातल्या लोहारांना वापरून संपेल असं ठोकायला फारसं काही नव्हतं.

आता दादाकडे कार्ड आहे. त्याच खेळाची जुनी आवृत्ती 2013 पासून पुन्हा सुरू आहे आणि 2018 पासून फोनवरही चालते. जेवणाच्या सुट्टीत तो कॅन्टीनमध्ये गोळे ओतायचा. मग गोळ्यांचा कंटाळा आला आणि तो ब्लास्ट फर्नेसवर सोनं वितळवू लागला. एका खड्यामागे 56.2 गुण. तिथे भट्टी चालवणारे बुटके आहेत, त्यांना तासाला 72,000 नाणी मजुरी द्यावी लागते. सोळा वर्षांनी एकदाचा मजुरीचा रकाना भरता येणार म्हणून मी हौसेनं भाव काढले. सोन्याचा खडा सोन्याच्या कांडीपेक्षा महाग होता. भट्टीत घातलं की किंमत उतरते. मळी, तीही सोन्याची.

99 वी लेव्हल आली त्या रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. बंदरापलीकडे थर्गो नावाचा म्हातारा बुटका राहतो, तो 99 झालेल्या लोहाराला खास झगा देतो. फुकट नाही, 99,000 नाण्यांना. दादानं तो घेतला होता, अंगावर चढवला होता आणि बँकेपाशी उभा होता.

"वही हाय का अजून?" त्यानं विचारलं.

होती. मी शेवटच्या पानावर तारीख घातली आणि खर्चाच्या बाजूला 99,000 लिहायला घेतले.

"खर्चात नको."

"मग कशात?"

तो काही बोलला नाही. मी 'भांडवली' असं लिहिलं, पुढे घसाऱ्याचा रकाना आखला आणि त्याला विचारलं, झगा झिजतो का.

"न्हाई," दादा म्हणाला.

रकान्यात शून्य घातलं.